केफिरमधलं यीस्ट आणि बाहेरच्या खाण्यातले जंतू: कितपत भरवसा ठेवायचा?

सेक्टर_बारा | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. खारघरहून लिहितेय.

श्रावणातल्या सत्यनारायणाला आमच्या सोसायटीत बाहेरून जेवण मागवलं होतं. पुलाव, पनीर, श्रीखंड, सगळं दुपारी येऊन पडलं आणि पंगत बसली रात्री साडेआठला. मध्ये दोनदा लाइट गेली. मध्यरात्रीपर्यंत आमच्या विंगमधल्या निम्म्या घरांत उलट्या सुरू. मोठे सावरले, पण माझ्या सहा वर्षांच्या लेकाला दोन दिवसांनी ताप आणि जुलाब लागले ते वेगळेच. डॉक्टरांनी ओआरएस, झिंक आणि दिवसातून दोनदा घ्यायची एक पुडी दिली. पुडीवर नाव वाचलं तर ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’. म्हणजे यीस्ट! मला वाटायचं प्रोबायोटिक म्हणजे दह्यातले बॅक्टेरिया.

त्याच सुमारास सानपाड्याच्या मैत्रिणीने केफिरचे दाणे आणून दिले. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे दिसतात, दुधात टाकून ठेवायचे, की दूध आंबून केफिर नावाचं पेय होतं. तिचं म्हणणं, ‘यातही यीस्ट असतं, रोज पेलाभर पी, मग पाणीपुरी काय नि रस्त्यावरचं सँडविच काय, काही होणार नाही.’

तर जाणकारांनो, पुडीतलं यीस्ट आणि दुधातलं यीस्ट एकच का? ते जंतूंशी खरंच लढतं का, आणि लढतं म्हणजे करतं काय? साधं दही खाऊन तेच होत असेल तर ही दाण्यांची उस्तवार कशाला?

कवडीदही | सोमवार, रात्री ११.०५

आमच्या नौपाड्याच्या घरी सासूबाईंचा नियम होता. दह्याला दारूसारखा वास आला, वर बुडबुडे दिसले की ते ताकालाही वापरायचं नाही, विरजण बदलायचं. त्या म्हणायच्या, विरजण बिघडलं. तो वास यीस्टचाच ना? मग ते औषध कधीपासून झालं?

महापे_मायक्रो | मंगळवार, सकाळी ७.५०

कवडीदही काकू, तुमच्या सासूबाईंचं नाक पक्कं होतं. तो वास बहुतेक वेळा यीस्टचाच.

मी महाप्याला फूड टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दही लावणारे मुख्य कामगार म्हणजे लॅक्टिक आम्ल बनवणारे बॅक्टेरिया: लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, लॅक्टोबॅसिलस. यीस्ट दह्यात येतं ते आगंतुक म्हणून, हवेतून, भांड्यातून, चमच्यातून. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या मानकांत दह्यातल्या यीस्ट आणि बुरशीच्या संख्येवर मर्यादा घातलेली आहे, कारण ती वाढली की समजायचं, स्वच्छतेत कुठेतरी ढिलाई झाली. दुकानातल्या दह्याच्या कपाचं झाकण फुगलेलं दिसतं ना, तो यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड असू शकतो. असा कप घेऊ नका.

केफिरमध्ये मात्र यीस्ट घरचंच असतं. कॉकेशस पर्वताच्या भागातलं हे पेय. त्या दाण्यांत बॅक्टेरिया आणि यीस्ट केफिरान नावाच्या चिकट शर्करेच्या जाळ्यात एकत्र नांदतात. घोडीच्या दुधाचं कुमिस मध्य आशियातलं, त्यातही यीस्ट लागतंच.

आता पुडीतलं यीस्ट. गंमत अशी की ते दुधातून आलेलंच नाही. आंरी बुलार नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात इंडोचायनात होते. कॉलऱ्याची साथ चालू होती आणि काही स्थानिक लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते. त्या फळांवरून बुलार यांनी हे यीस्ट वेगळं केलं. जातकुळी पावाच्या यीस्टचीच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पण शरीराच्या ३७ अंशांत छान वाढणारा आणि पोटातलं आम्ल बऱ्यापैकी सोसणारा प्रकार. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज मात्र त्याला पचत नाही.

लॅक्टोज पचवतं ते क्लुव्हेरोमायसिस. डेल्फ्टच्या आल्बर्ट क्लुव्हर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचं नाव दिलंय. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस केफिरमध्ये हमखास सापडतं. दुधातल्या प्रोबायोटिक यीस्टवर जे संशोधन चालतं त्यात हा गडी बहुतेक वेळा असतो.

लढाईचं संध्याकाळी लिहितो, ठाणे-बेलापूर रोडवर अडकायचं नसेल तर आता निघायला हवं.

रबाळे_सिग्नल | मंगळवार, दुपारी १.१५

संध्याकाळची वाट बघतोय, पण आधीच सांगून ठेवतो: हे सगळं मार्केटिंग आहे. दहा वर्षांपूर्वी ग्रीन टी, मग अॅपल सायडर व्हिनेगर, आता केफिर. आपल्या पूर्वजांनी ताक पिऊन कॉलरा टाळला का? गावंच्या गावं ओस पडली.

महापे_मायक्रो | मंगळवार, रात्री ९.२०

रबाळे_सिग्नल, कॉलऱ्याचा मुद्दा बरोबर. पण यीस्ट जंतूंना धरून ठेवतं हे मार्केटिंग नाही, डोळ्यांनी दिसतं. कसं ते सांगतो.

काचेच्या स्लाइडवर यीस्टच्या गढूळ द्रावणाचा एक थेंब घ्यायचा. शेजारी ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाचा एक थेंब, पण ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ खाद्यात, न हलवता, शांत ठेवून वाढवलेला. दोन्ही थेंब काडीने मिसळून स्लाइड हातात धरून हळूहळू कलती करत राहायची. मिनिट-दोन मिनिटांत एकसारखा पांढुरका थेंब कणीदार होतो, कण कडेला सरकतात, मध्ये पाणी स्वच्छ दिसायला लागतं. आता हेच परत करायचं, फक्त थेंबात आधी थोडं मॅनोज टाकायचं, ती एक साधी साखर. स्लाइड कितीही कलवा, कणी धरतच नाही.

का? ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या बऱ्याच प्रकारांच्या अंगावर बारीक केस असतात, त्यांना टाइप-१ फिम्ब्री म्हणतात. ई. कोलायच्या केसाच्या टोकाला फिम-एच हे प्रथिन असतं आणि ते मॅनोज शोधत असतं. आतड्याच्या पेशींवर मॅनोज असतं, तिथे जंतू चिकटतो आणि मग पुढचे उद्योग करतो. यीस्टच्या भिंतीच्या बाहेरच्या थरात मॅनोजच्या लांब साखळ्या असतात. जंतू आतड्याऐवजी यीस्टलाच धरून बसतो आणि यीस्टबरोबर बाहेर निघून जातो. मोकळं मॅनोज टाकलं की जंतूची सगळी टोकं त्यातच गुंततात, म्हणून कणी धरत नाही.

यीस्टची पेशी बॅक्टेरियाच्या मानाने अगडबंब, साधारण ५ ते १० मायक्रॉन. बॅक्टेरिया १-२ मायक्रॉनचा. त्यामुळे एकेका यीस्टला कितीतरी जंतू लटकलेले सूक्ष्मदर्शकात दिसतात.

बुलार्डीचं आणखी एक कसब आहे. ते एक एन्झाइम सोडतं आणि ते क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचं विष तोडतं. हा जंतू अन्नातून येणाऱ्यांपैकी नाही, अँटिबायोटिक घेतल्यावर डोकं वर काढणारा आहे, पण यीस्टची पत बरीचशी त्यावरच उभी राहिली. शिवाय यीस्ट बॅक्टेरिया नाही, बुरशीच्या कुळातलं आहे, त्यामुळे बॅक्टेरिया मारणाऱ्या अँटिबायोटिकने मरत नाही. बुरशीवरचं औषध, समजा फ्लुकोनॅझोल, चालू असेल तर मात्र मरतं.

पण थांबा. मॅनोजची ही युक्ती ज्यांच्या अंगावर तसले केस आहेत त्यांच्यापुरतीच. स्टॅफिलोकॉकस, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर यांच्याकडे टाइप-१ फिम्ब्री नाहीत. त्यामुळे ‘यीस्ट सगळ्या जंतूंना पकडतं’ असं कुणी पाकिटावर छापलं तर ते पाकीट परत ठेवा.

घोडबंदरी | मंगळवार, रात्री १०.०२

जबरदस्त लिहिलंय. स्लाइडवालं घरी करता येईल का? मुलीला सायन्स प्रोजेक्ट आहे.

महापे_मायक्रो | मंगळवार, रात्री १०.१०

नाही हो. घरी ई. कोलाय वाढवायचा नाही. पावाचं यीस्ट आणि साखरपाण्यावर फुगा फुगवा, शाळा त्यावर खूश होते.

पामबीच_पाऊस | बुधवार, सकाळी ६.३०

नेरुळला प्रॅक्टिस करते, बालरोग. ओपीडीला जायच्या आधी लिहितेय, त्यामुळे थेट मुद्द्यावर.

सेक्टर_बारा, तुमच्या सोसायटीत दोन वेगळ्या गोष्टी झालेल्या दिसतात. जेवल्यावर काही तासांतच भरपूर उलट्या सुरू झाल्या तर बहुतेक वेळा जंतू नव्हे, जंतूने अन्नात आधीच तयार करून ठेवलेलं विष कारणीभूत असतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कुणाच्या तरी हातावरून पनीरमध्ये जातो, बॅसिलस सिरियस शिजवून बाहेर राहिलेल्या भातात वाढतो. दोघांचंही उलटीचं विष उष्णता सोसतं. परत गरम करून वाढलं तरी ते जात नाही. अशा वेळी पोटात यीस्ट असलं काय नि नसलं काय, पकडायला जंतूच नाही. हे विष साधारण एका दिवसात आपलं आपण ओसरतं, तोवर पाणी टिकवायचं.

लेकाला नंतर ताप आणि जुलाब झाले ते खरं इन्फेक्शन असू शकतं, साल्मोनेलासारखं. साल्मोनेलाला ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत वेळ लागतो. पुडीचा काही उपयोग असलाच तर तो इथे.

किती उपयोग? प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडा. मुलांच्या जुलाबांवर बुलार्डीच्या बऱ्याच चाचण्या झाल्यात आणि त्या एकत्र केल्या तर आजार सरासरी दिवसभराने कमी होतो असं दिसत आलंय. पण २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात, सगळी प्रोबायोटिक्स मिळून पाहिली तेव्हा ४८ तासांहून लांबणाऱ्या जुलाबांत फारसा फरक पडत नसावा असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने मुलांच्या तीव्र जुलाबांत प्रोबायोटिक्स न देण्याची सूचना केली. युरोपातले बालपोटविकार तज्ज्ञ बुलार्डीला सौम्य पाठिंबा देतात. मी देते कधी कधी. पण आईबाप पुडी चुकवत नाहीत आणि ओआरएसचे दोन घोट पाजून थांबतात, तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

बुलार यांचा विषय निघालाच आहे तर कॉलऱ्याची दुसरी गोष्टही ठाऊक असू द्या. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या छावणीत होते. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. यीस्टने असं काही केलेलं नाही.

पुडी बंद केली तर चालेल का, हा प्रश्नही येईलच. हे यीस्ट आतड्यात मुक्काम करत नाही. बंद केल्यावर साधारण २ ते ५ दिवसांत शौचावाटे निघून जातं. सवय वगैरे काही लागत नाही.

रबाळे_सिग्नल | बुधवार, सकाळी ९.४५

डॉक्टर, हे असं कुणी सरळ सांगतच नाही. ओआरएस एक लिटर पाण्यातच घालायचा ना? आमच्याकडे पेल्यात चिमूटभर टाकून देतात.

पामबीच_पाऊस | बुधवार, दुपारी २.२०

एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच. लहान पाकिटंही मिळतात, त्यांच्यावर लिहिलेलं माप बघायचं. चिमटीचा अंदाज नको. आणि मेडिकलमधले खोक्यातले गोड रंगीत ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे. झिंक जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस पूर्ण द्यायचं, ते सगळेच मध्येच सोडतात.

सेक्टर_बारा | बुधवार, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. झिंक मी सोडून दिलं नव्हतं, वाचून हायसं वाटलं :-)

पण माझा केफिरचा प्रश्न राहिलाच. आज सकाळी दाण्यांचं दूध गाळलं. प्लास्टिकच्या गाळण्यातून लाकडी चमच्याने हलवत गाळावं लागतं, घट्ट झालेलं पटकन खाली उतरत नाही. वास आंबट, जिभेला किंचित चुरचुर, सोडा असल्यासारखी. ती चुरचुर यीस्टची का? मग हे यीस्ट पोटात जाऊन त्या स्लाइडवरचं काम करेल की नाही?

महापे_मायक्रो | बुधवार, रात्री १०.३५

चुरचुर यीस्टचीच, तो विरघळलेला कार्बन डायऑक्साइड.

काम करेल का, याचं उत्तर प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने शोधतात. केफिरमधून एकच यीस्ट वेगळं काढायचं. मग ते पोटातल्यासारख्या आम्लात, साधारण पीएच २ ते ३, काही तास ठेवायचं. नंतर ०.३ टक्के पित्तक्षारात. वाचलं तर काको-२ पेशींवर सोडायचं. या पेशी माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या, बशीत आतड्याच्या अस्तराप्रमाणे वाढतात. यीस्ट त्यांना चिकटतं का, आणि आधी यीस्ट मग साल्मोनेला, आधी साल्मोनेला मग यीस्ट, दोन्ही एकदम, अशा तिन्ही प्रकारे जंतू किती कमी चिकटतात हे मोजायचं. आधी यीस्ट बसवलेलं असताना आणि साल्मोनेला आधीच बसलेला असताना मिळणारे आकडे सारखे नसतात, म्हणून तिन्ही क्रम वेगवेगळे तपासायचे. दुधातल्या बऱ्याच यीस्टची गाडी इथपर्यंत पोचते. पुढे उंदीर, मग माणसं, तिथे गर्दी एकदम विरळ होते.

दुसरं, मात्रा. २५० मिलीग्रॅमच्या पुडीत बुलार्डीच्या साधारण ५०० कोटी जिवंत पेशी असतात. केफिरमध्ये यीस्ट मिलिलिटरला लाखापासून कोटीपर्यंत, घरागणिक वेगळं. दहा लाख धरा, पेला २५० मिलिलिटरचा धरा. झाले २५ कोटी. म्हणजे पुडीच्या विसावा भाग, आणि तोही कुठल्या यीस्टचा ते ठाऊक नाही. प्रोबायोटिकचा गुण जातीचाही नसतो, त्या जातीतल्या ठरावीक स्ट्रेनचा, म्हणजे उपप्रकाराचा असतो. पुरेशा प्रमाणात घेतले तर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, ही व्याख्या २००१ मध्ये एफएओ आणि डब्ल्यूएचओ या जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी केली. त्यात ‘पुरेशा प्रमाणात’ हे शब्द आहेत ते उगाच नाहीत.

त्यामुळे माझं मत: केफिर आवडत असेल तर पी. लॅक्टोज थोडं कमी झालेलं असतं, ज्यांना दूध बाधतं त्यातल्या काहींना ते सोसतं. पण त्याच्या जिवावर उघड्यावरचं खायचं नाही.

कवडीदही | गुरुवार, सकाळी ११.१५

एक शंका, हसू नका. यीस्ट म्हणजे दारू आलीच. एकादशीला चालेल का?

महापे_मायक्रो | गुरुवार, दुपारी १.४०

काकू, घरच्या केफिरमध्ये अल्कोहोल साधारण १ टक्क्याच्या आतबाहेर, जास्त वेळ ठेवलं तर थोडं अधिक. एकादशीचं तुम्ही ठरवा, माझी आई तर साबुदाणा खिचडीबरोबर दहीच घेते. लहान मुलांना मात्र खूप वेळ आंबवलेलं देऊ नये.

केफिरला २० ते २५ अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवलं तर दहा-बारा तासांत पाणी सुटून चोथा वेगळा होतो. उन्हाळ्यात दाणे जास्त झाले तर कमी करा, दूध वाढवा, किंवा काही तासांनी फ्रिजमध्ये ढकला.

घोडबंदरी | गुरुवार, रात्री ८.५०

आमच्याकडे तबेल्याचं दूध येतं, म्हशीचं, ताजं. केफिरवाले काही लोक म्हणतात न तापवता लावायचं, म्हणजे ‘जिवंत’ राहतं. आंबलं की जंतू मरतातच म्हणे.

महापे_मायक्रो | गुरुवार, रात्री ९.१५

अजिबात नको. इथे मी हट्टाने सांगणार.

कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार होतो, क्षय होऊ शकतो. आंबट झालं की जंतूंची वाढ थांबते, पण वाढ थांबणं आणि मरणं यात बरंच अंतर आहे. ई. कोलाय ओ१५७ हा आम्ल सोसणारा जंतू आहे आणि त्याच्या शंभराहून कमी पेशीही माणसाला आजारी पाडू शकतात. साल्मोनेला आंबट दुधात काही दिवस तग धरू शकतो. केफिर लावल्यावर पहिले काही तास तर दूध गोडच असतं आणि उबदार. तेवढ्यात जंतूंना वाढायला सवड मिळते. स्टॅफिलोकॉकसने आधीच विष करून ठेवलं असेल तर डॉक्टर म्हणाल्या तसं ते नंतर तापवूनही जात नाही. म्हणून दूध आल्या आल्या तापवा, उकळी आणा, झाकून कोमट होऊ द्या, मग दाणे टाका. दाण्यांतले यीस्ट आणि बॅक्टेरिया हवेत तेवढे आहेत, दुधातले ‘जिवंत’ नकोत.

पामबीच_पाऊस | गुरुवार, रात्री ९.३०

+१००. आणि ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. सोसायटीच्या कमिटीला हे सांगा. जेवण दुपारी येणार असेल तर पंगत दुपारीच बसवा, नाहीतर केटररकडून रात्री मागवा.

सेक्टर_बारा | शुक्रवार, सकाळी ८.१०

कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. गणपतीच्या महाप्रसादाला भात आयत्या वेळी लावायचा आणि पनीर ठेवायचंच नाही असं ठरलं. एका काकांनी ‘इतकी वर्षं काय होत होतं’ असं विचारलं, त्यांच्याच घरी तिघं आडवे होते, त्यामुळे चर्चा तिथेच थांबली.

केफिर चालू ठेवतेय, चवीसाठी. बटाट्याच्या कोशिंबिरीत झकास लागतं.

ऐरोलीकर | शुक्रवार, रात्री ११.२०

उशिरा आलो, सगळं वाचलं. माझा प्रश्न वेगळा आहे. वडिलांची केमोथेरपी चालू आहे, छातीत पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडायची डबी बसवलीय. अँटिबायोटिकने पोट बिघडलं म्हणून मेडिकलवाल्याने हीच यीस्टची पुडी दिली, चिठ्ठीशिवाय मिळाली. शिवाय शेजारच्या काकू केफिर आणून देतायत. बुरशीच्या कुळातलं असलं तरी शेवटी पावाचंच यीस्ट, त्यामुळे निर्धोक असणार, बरोबर?

पामबीच_पाऊस | शुक्रवार, रात्री ११.३५

ऐरोलीकर, दोन्ही आजच थांबवा.

निरोगी माणसात हे यीस्ट आतड्यातून निघून जातं. केमोने पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील किंवा शिरेत कॅथेटर, पोर्ट असेल तर तेच यीस्ट रक्तात शिरून गंभीर इन्फेक्शन झाल्याच्या नोंदी आहेत. अशा आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना बुलार्डी देऊ नये अशी स्पष्ट सूचना आहे. पुडी फोडली की पावडर हवेत उडते आणि हाताला लागते. त्यामुळे घरात दुसऱ्या कुणासाठी ती आणली तरी वडिलांच्या खोलीत फोडायची नाही, फोडल्यावर हात साबणाने धुवायचे आणि त्या हाताने पोर्टला स्पर्श करायचा नाही. घरी लावलेलं केफिरही सध्या नको.

ताप आहे का? १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त असेल तर सकाळची वाट बघू नका, आताच्या आता त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना फोन करा आणि पुडी दिली होती हे आवर्जून सांगा.

ऐरोलीकर | शुक्रवार, रात्री ११.४१

ताप नाही, आत्ताच बघितला, ९८.४. पुडी कालपासून दोनदा दिलीय. फोन लावतोय.